इंधनानंद महाराजांची शुद्धीवडी

गुरुवारी दुपारी चार वाजले की सुरतेच्या उधन्यात हायवेवरचा 'ज्वाला' पेट्रोल पंप दिसेनासा व्हायचा. दिसायची ती नुसती वाहनं. रिक्षा, लुना, साड्यांच्या गाठी लादलेले टेम्पो, मध्येच एखाद्या शेठची पांढरी मोटार आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत प्रसादाचे द्रोण वाटणारे सेवक. रस्त्याच्या पलीकडे 'प्रगती' नावाचा दुसरा पंप होता. तिथला नोकर खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत असायचा.

ज्वाला पंपाच्या हवा भरायच्या मशीनशेजारी मांडव घातला होता आणि मांडवात, झेंडूच्या माळांमध्ये, श्री श्री इंधनानंद महाराज विराजमान होते. अंगावर भगवी कफनी, हातात पितळी दंड. दंडाच्या एका टोकाला कमळ, दुसऱ्या टोकाला त्रिशूळ. समोर पूजेचं सगळं साहित्य होतं, पण उदबत्ती मात्र तिथं कधी पेटली नाही. पेट्रोलच्या शेजारी विस्तव नको, एवढ्यापुरता महाराजांचा विज्ञानावर पूर्ण विश्वास होता.

"भाईओ अने बहेनो!" महाराजांचा आवाज माइकची गरज नसताना माइकवरून यायचा. "पेट्रोल कहाँ से आता है? जमिनीच्या पोटातून! पाताळातून! अने पाताळमां कोण रहे छे?"

"राक्षस!" गर्दी म्हणायची.

"मग ते राक्षसाचं पाणी तुम्ही मंत्राशिवाय गाडीत ओतता आणि गाडी बंद पडली की मेस्त्रीला शिव्या घालता! अरे, गाडीलासुद्धा आत्मा आहे. मोटारीला चार चाकं का? चार पुरुषार्थ! रिक्षाला तीन का? तीन गुण!"

"आणि लुनाला दोन?" एकानं भाबडेपणानं विचारलं.

"द्वैत!" महाराज तत्काळ म्हणाले आणि लुनावाल्यानं आपल्या लुनाकडे नव्या आदरानं पाहिलं.

मग चमत्कार व्हायचा. दोन काचेच्या बरण्या मांडल्या जायच्या. एकीत ज्वालाचं पेट्रोल, दुसरीत समोरच्या प्रगतीचं. दोन्ही सारखीच केशरी. महाराज डोळे मिटून ज्वालाच्या बरणीत दंड फिरवायचे, तर काही होत नसे. पेट्रोल केशरी ते केशरीच. प्रगतीच्या बरणीत दंड फिरवला की पेट्रोल बघता बघता शाईसारखं काळं व्हायचं. "हे पाप तुमच्या इंजिनात जातं!" महाराज ओरडायचे. बायका पदर तोंडाला लावायच्या. रिक्षावाले कानाला हात लावायचे. शेवटी ज्याची टाकी ज्वालावर भरली असेल त्याला महाराज स्वहस्ते एक निळसर गुळगुळीत गोळी द्यायचे. ती टाकीत टाकायची. तिचं नाव शुद्धीवडी.

हे १९९६ साल. प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि साऱ्या शहराला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. गटारं उपसली गेली होती, गल्ल्या रोज झाडल्या जात होत्या. अशा शहरात कोणी म्हणालं की गाडीही आतून धुवावी लागते, तर लोकांना ते पटायला वेळ कशाला लागेल?

धुडकूआप्पाला तर पहिल्याच गुरुवारी पटलं. धुडकू अमळनेरकडचा. वीस वर्षांपूर्वी सुरतेत आला, बारा वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, राबला, कानाला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा खातं सोडून रिक्षा घेतली. रिक्षावर त्याचा जीव. तिच्या काचेवर त्यानं मुलीचं नाव लिहून घेतलं होतं, 'हर्षदा'.

आणि ही हर्षदा होती रसायनशास्त्राची पदवीधर. पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये ती रोज रंगांचे नमुने तपासायची. कोणता रंग कशात विरघळतो, कापडाची खळ काढायला कोणता साबण किती लागतो, हे तिच्या हातात बसलेलं. तिच्या कपड्यांवरचा, नखांवरचा रंग कधी सुटायचा नाही. धुडकू पहिली शुद्धीवडी घेऊन घरी आला तेव्हा तिनं ती नाकाशी धरली आणि खो खो हसत सुटली.

"नाना, हा धुण्याचा साबण आहे! वर गुलाबाचं अत्तर चोळलंय."

"हासू नको," धुडकू घुश्श्यात म्हणाला. "तू शिकेल शे, पन गाडी मी चालाडस. वडी टाकी आनि गाडी अशी पळनी, अशी पळनी!"

"पळाली कशी? आणखी काय काय केलं त्यांनी?"

"काही नही. महाराजांचा सेवक शे ना, चेतन, त्यानं प्लग काढा, त्यान्हावरनी पापानी काजळी तारेच्या ब्रशनं घासी टाकी, परत बसाडा. बस."

हर्षदा पुन्हा हसली. प्लग घासला की कोणतीही रिक्षा पळेल, हे तिला सांगायचं होतं. पण तिच्या आईनं, उषाबाईंनी, मधेच ताट सरकवलं. "खाई ले आधी, मंग भांड." आणि तो विषय जेवणात विरून गेला. पुढं महिनाभर दर गुरुवारी एक वडी टाकीत पडत राहिली. हर्षदा कधी 'आज किती पापं धुतली?' म्हणून चिडवायची, धुडकू रुसायचा, एवढंच. हसण्यापलीकडे आपण काही करावं असं तिच्या मनात आलं नाही. साबणानं काय होणार, फार तर महाराजांचं पोट भरेल, असं तिला वाटलं.

तिथं तिचं चुकलं.

शेजारच्या खोलीत परभणीकडचा गणपत राहायचा. बायको सुमन, दोन लेकरं. एका मंगळवारी दुपारी लूमच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. खात्यातल्या पोरांनी त्याला उचलून रस्त्यावर आणलं तेव्हा समोर धुडकूचीच रिक्षा उभी होती. गलका ऐकून सुमन शेजारच्या गल्लीतून धावत आली, गणपतचं मनगट आपल्या पदरानं आवळून धरलं आणि म्हणाली, "दादा, चला ना ओ लौकर! लई रक्त चाललंय."

धुडकूनं रिक्षा अशी काढली की चौकातला पोलीसही बाजूला झाला. पुलाच्या चढावर अर्ध्यात आल्यावर रिक्षानं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली.

धुडकूनं स्टार्टरचा दांडा ओढला. पुन्हा ओढला. मागं ट्रक भोंगे वाजवायला लागले. सुमनचा पदर लालचा काळा झाला होता. आणि त्या क्षणी धुडकूनं जे केलं ते आठवून पुढं कित्येक दिवस त्याला घास गिळवत नव्हता. त्यानं खिशातून राखून ठेवलेली शुद्धीवडी काढली, कपाळाला लावली आणि टाकीत टाकली. हात जोडून तो पाच मिनिटं मंत्र म्हणत उभा राहिला. सुमन किंचाळत होती, "दादा, हे काय करायलात? दादा!"

रिक्षा चालू झाली नाही. अखेर एका दूधवाल्या टेम्पोनं त्यांना उचललं. गणपत वाचला. तीन बोटं गेली, ती पट्ट्यानंच नेली होती. पण डॉक्टर सुमनला म्हणाले, "रक्त फार गेलंय. आणखी थोडा उशीर झाला असता, तर सांगता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी धुडकू रिक्षा ढकलत महाराजांकडे गेला. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं, चेतनकडे पाहिलं, डोळे मिटले आणि निवाडा दिला. "वडी कशी चुकेल? जखमी माणसाचं पूर्वजन्मीचं पाप गाडीत बसलं. एवढा भार गाडीला कसा झेपेल?"

धुडकूनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मधल्या भिंतीपलीकडे सुमन चुलीशी होती. पत्र्याची भिंत, सगळं पलीकडे ऐकू जायचं. तिच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

हर्षदा उठली. या वेळी ती हसत नव्हती.

"नाना, पाना द्या. टाकी उघडायची."

"हर्षू..."

"पाना द्या, नाना."

दोघांनी मिळून पेट्रोलचा कॉक खोलला. तळाच्या जाळीवर निळसर, चिकट लगदा बसला होता, नासलेल्या दह्यासारखा. कार्बोरेटरचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, ते लगद्यानं पार बुजलं होतं. हर्षदानं बोटावर लगदा घेतला, नळाखाली धरला आणि दोन्ही हात चोळले. फेस आला. तोच गुलाबाचा वास.

"हे बघा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तळाशी बसतो. टाकीत थोडं पाणी असतंच, हवेतलं, पंपावरचं. त्या पाण्यात तो भिजला आणि त्याचा असा लगदा झाला. गाडी गणपतकाकांच्या पापानं नाही थांबली, या पाच वड्यांनी थांबली."

"मनी चूक शे, मनीच," धुडकू स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, "पन बरणी? माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. समोरच्या पंपाचं पेट्रोल काळं होतं. ते कसं?"

"ते मलाही ठाऊक नाही," हर्षदा म्हणाली. "पण शोधता येईल. तुम्ही मदत केलीत तर."

पुढच्या गुरुवारी सकाळी धुडकू काचेच्या दोन बाटल्या घेऊन निघाला. ज्वाला पंपावर दीपक नावाचा तरुण पेट्रोल भरायला होता. धुडकूनं एक बाटली भरून घेतली आणि दीपककडून एका चिठ्ठीवर तारीख, पंपाचं नाव आणि सही घेतली. "मुलीला लॅबसाठी पाहिजे," तो म्हणाला. तशीच दुसरी बाटली त्यानं प्रगतीवर भरून घेतली, तिथल्या शब्दकोडेवाल्याच्या सहीसह. दोन्ही चिठ्ठ्या हर्षदानं बाटल्यांच्या बुडाला बाहेरून चिकटवल्या आणि त्या दिसू नयेत म्हणून बुडावर कापड बांधून टाकलं.

चार वाजता मांडव फुलला. सुमनही आली होती, मागं, लेकरू कडेवर घेऊन. हर्षदानं सोबतीला नानांच्या ओळखीच्या योगराजला बोलावलं होतं. योगराज चाळीसगावचा, पेट्रोलच्या टँकरवर ड्रायव्हर, अंगानं दारात मावणार नाही असा.

महाराजांचं पाताळ झालं, राक्षस झाले, द्वैत झालं. बरण्या मांडल्या गेल्या, तसा धुडकू पुढं होऊन साष्टांग पडला.

"महाराज, माझी श्रद्धा डळमळली होती. आज माझ्या हातचं पेट्रोल तपासा. म्हणजे माझ्या मनातलं किल्मिष जाईल."

भक्त स्वतः बाटल्या घेऊन आलेला! महाराज प्रसन्न झाले. "बोल बेटा, कोणती कुठली?"

"ही तुमच्या ज्वालाची," धुडकूनं उजवी बाटली पुढं केली. "आणि ही समोरच्या प्रगतीची."

बाटल्या बरण्यांत ओतल्या गेल्या. महाराजांनी कमळाचं टोक उजव्या बरणीत फिरवलं. पेट्रोल केशरी राहिलं. "शुद्ध!" गर्दीनं जयजयकार केला. मग दंड उलटा झाला, त्रिशूळ डाव्या बरणीत गेला आणि पेट्रोल काळंकुट्ट झालं. "पाप! घोर पाप! या पंपाचं पेट्रोल ज्यानं घातलं त्याचं इंजिन नरकात जाईल!"

"महाराज," धुडकू उभा राहून म्हणाला. "माझं जरा उलटं झालं. तुम्ही शुद्ध म्हणालात ते प्रगतीचं होतं. नरकात जाणारं ते तुमच्याच पंपाचं आहे."

गर्दीतलं कुणीतरी हसलं.

"खोटं बोलतोय!" चेतन पुढं धावला.

हर्षदानं कापड सोडून बाटल्या उलट्या धरल्या. "बुडाला चिठ्ठ्या आहेत. वाचा. ही सही कुणाची?"

सगळे दीपककडे वळले. तो हातात पेट्रोलची नळी धरून उभा होता. ऑफिसच्या काचेआडून पंपाचे शेठ त्याच्याकडे रोखून पाहत होते. दीपकनं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा मागं उभ्या असलेल्या सुमनकडे. त्याचाही भाऊ लूमवर होता.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. "काळं झालं ते आपलंच पेट्रोल आहे."

गर्दीत गलका उठला. तेवढ्यात हर्षदानं दंड उचलला. चेतन तिच्या अंगावर येणार, तर मधे योगराज येऊन उभा राहिला. त्यानं काही केलं नाही, नुसता उभा राहिला. ते पुरलं.

हर्षदानं तो त्रिशूळ केशरी बरणीत बुडवला. तेही पेट्रोल काळं पडलं. "बघा, आता शुद्ध पेट्रोलही पापी झालं. पेट्रोल बदललं नाही, टोक बदललं." मग केसातली पिन काढून तिनं त्रिशुळाच्या मधल्या पात्याची पोकळी खरवडली. तिच्या पांढऱ्या ओढणीवर मेणाचे कण आणि काळी पूड पडली. "हा तेलात विरघळणारा रंग आहे. बूटपॉलिशला, मेणबत्त्यांना वापरतात. मेणात कालवून इथं बसवलाय. पेट्रोलमध्ये मेण विरघळतं आणि रंग सुटतो. कमळाच्या टोकात काही नाही, म्हणून तिथं शुद्धच शुद्ध! आमच्या मिलमध्ये असला चमत्कार रोज आठ तास चालतो, महाराज. त्याला आम्ही ड्युटी म्हणतो."

लोक हसायला लागले. महाराजांनी दोन्ही हात उंचावले. "कलियुग! हे कलियुग आहे! स्त्रीचा स्पर्श झाला, दंड भ्रष्ट झाला! पण वडी... वडीचं सामर्थ्य अजून अबाधित आहे!"

"मग एक वडी तुमच्या गाडीत टाका," मागून आवाज आला.

सुमन होती ती. लेकरू कडेवर तसंच. गर्दीनं तिला वाट करून दिली. "तुमची ती पांढरी गाडी उभीय न्हवं? आमच्या मालकाचं पाप न्हाई तिच्यात बसलेलं. टाका की एक वडी. टाका पाच."

"हो, टाका! नाखो, महाराज, नाखो!" रिक्षावाल्यांनी उचलून धरलं. कुणीतरी प्रसादाच्या ताटातून मूठभर वड्या घेऊन मोटारीकडे निघालंसुद्धा. आणि मग उधन्याच्या जनतेनं खरोखरच एक अद्भुत दृश्य पाहिलं. ज्यांना जमिनीवर पाय टेकायला सेवकाचा खांदा लागायचा, ते इंधनानंद महाराज कफनी गुडघ्यापर्यंत उचलून धावले आणि मोटारीच्या टाकीच्या झाकणावर पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"नहीं! गाडी को हाथ मत लगाओ! कार्बोरेटर चोक हो जायेगा!"

एवढं स्वच्छ, शास्त्रशुद्ध वाक्य त्यांच्या तोंडून गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच निघालं होतं.

ते दहा मिनिटांत निघून गेले. चेतनही गेला. शेठनी ऑफिसचं शटर ओढलं. पोलिसांत तक्रार झाली, चौकशी झाली. महाराज पूर्वी साबणाच्या एका छोट्या कारखान्याचे फिरते विक्रेते होते आणि न खपलेला माल ते ज्वालाच्या शेठशी संधान बांधून असा खपवत होते, एवढं निष्पन्न झालं. दीपकची नोकरी गेली. पुढच्या आठवड्यात प्रगतीवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं.

त्या संध्याकाळी मात्र लोक हलेनात. चमत्कार तर गेला, आता गाडीचं काय करायचं, हा प्रश्न उरला होताच. एका टेम्पोवाल्यानं विचारलं, "मग ताई, पेट्रोल कुठलं भरायचं? कोणती कंपनी चांगली?"

उत्तर योगराजनं दिलं. "अरे, मी दोन्हीकडे माल टाकतो! डेपो एकच, टाकी एकच. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. नुसती पंपावरची पाटी वेगळी."

"म्हणजे सगळं सारखंच?"

"अगदी तसंही नाही," हर्षदा म्हणाली. "पेट्रोलमध्ये मिसळायचं खरं साफ करणारं रसायन असतं, त्यालाही डिटर्जंटच म्हणतात. परदेशात ते पेट्रोलमध्येच घालतात, आपल्याकडे बाटलीतून मिळतं. ते पेट्रोलमध्ये पूर्ण विरघळतं, धुण्याच्या साबणाशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. चांगलं असेल तर कार्बोरेटरमध्ये घाण साचू देत नाही. पण त्याचा फायदा हळूहळू, महिन्यांनी दिसतो. ते टाकलं आणि गाडी उडाली, असं कुणी सांगितलं तर समजा की तो विकायला आलाय. त्याहून जास्त महत्त्वाचं आहे भेसळ नसणं. कंपनी कुठलीही असो, पंपवाला रॉकेल मिसळत असेल तर इंजिन जाणारच. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो ठेवणं त्यांना भाग आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. चांगलं पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत नाही. डाग राहिला तर तक्रार करा. आणि प्लग साफ ठेवा, जाळी धुवा, ऑइल मापात घाला."

"एवढंच?" टेम्पोवाल्याचा चेहरा पडला. त्याला जरा भव्य काहीतरी हवं होतं.

"एवढंच," ती म्हणाली.

घरी जाताना हर्षदा सुमनकडे गेली. गणपत दवाखान्यातून आला होता, हाताला मोठं बँडेज होतं. ती त्याच्यापाशी बसून म्हणाली, "काका, साबण आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी हसले आणि सोडून दिलं. तेव्हाच टाकी उघडायला हवी होती." गणपतनं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. दारात धुडकू उभा होता, आत येण्याचा धीर त्याला होत नव्हता. सुमननंच त्याच्यापुढं चहाचा कप धरला. "घ्या दादा. निवंल."

त्यानंतर धुडकूआप्पाच्या रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला एक छोटं भाषण ऐकावं लागे. भाषा अर्धी अहिराणी, अर्धी गुजराती. पण मुद्दा सरळ होता, आणि तो इथं सोप्या मराठीत सांगतो:

"कुणी काही दाखवलं, तर बघा. डोळे उघडे ठेवून बघा. मग विचारा, हेच पुन्हा करून दाखवाल का? माझ्या बाटलीत, माझ्या हातानं? आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत? जो हो म्हणेल त्याचं पुढचं ऐका. जो रागावेल त्याच्यापासून गाडी लांब उभी करा. मी हे विचारलं नव्हतं, साहेब. एक माणूस माझ्या मागच्या सीटवर रक्त गाळत बसला होता आणि मी हात जोडून उभा होतो. तुम्ही विचारा."